मोकळी ठेवलेली ओळ

मी कुठलीही पाटी आधी उभी वाचतो. दुकानाची, एसटीच्या मागची, दवाखान्यातल्या सूचनांची. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर घ्यायचं, खाली उतरत जायचं, आणि काही निघतंय का बघायचं. काही निघत नाही. तरी पुढची पाटी दिसली की पुन्हा तेच. बायको म्हणते, चष्म्याचा नंबर वाढला असेल, दाखवून या. मी हो म्हणतो. ही खोड ज्या माणसामुळं लागली त्याच्याबद्दल मी घरात कधी बोललो नाही. बाहेर तर नाहीच. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, ते घ्यायचा हक्क मी घालवलाय. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत, तेवढं पुरे.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. जालन्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या सळयांच्या कारखान्यात ते गेटवर हजेरी घ्यायचे. अंगानं सुतळीसारखे. पांढरा हाफ शर्ट, खांद्यावर ओलं फडकं, आणि दुसरे लोक जिथं विडी ठेवतात त्या कानावर खडू. सगळे मोटारसायकलवर यायचे, लांबचे टेम्पोत कोंबून यायचे, मास्तर सायकलवर. विचारलं तर म्हणायचे, "गाडीवर पाट्या वाचून होत न्हाईत."

गेटच्या आतल्या भिंतीवर एक फळा होता. आधी त्यावर सुविचार लिहायचे म्हणे. मास्तर आले आणि सुविचार बंद झाले. ज्याचा वाढदिवस, ज्याचं लग्न, ज्याची नोकरी संपली, त्याच्या नावाची अक्षरं डाव्या बाजूला एकाखाली एक उतरायची, आणि प्रत्येक अक्षरापासून एक ओळ निघायची. आडवं वाचलं तर माणूस, उभं वाचलं तर त्याचं नाव. आमचा वॉचमन गफूरभाई, त्याच्या वाढदिवसाचं मला अजून पाठ आहे:

गरम चहा बशीत ओतून बशी दुसऱ्यापुढं सरकवणारा
फूल कधी हुंगलं न्हाई, पण कुंपणाला मोगरा लावणारा
रजेचा अर्ज आठ वर्षांत एकच, तोही लेकीच्या बाळंतपणाला

गफूरभाई वाचून लाजला. म्हणाला, "मास्तर, वो मोगरेवाली लाइन काट दो, लोग हसेंगे." मास्तर म्हणाले, "हसू द्या. मोगरा लावलाय का न्हाई?" "लगाया तो है." "मंग बराबर आहे."

ओळ खरी असली पाहिजे, ही त्यांची एकच अट होती. यमक जुळलं नाही तर चालेल, मात्रा लंगडल्या तर चालतील. खोटी ओळ चालायची नाही. त्यासाठी ते आठ-आठ दिवस आधी डायरी घेऊन माणसाच्या मागं लागायचे. संडासाच्या रांगेत गाठून विचारायचे, "तुमच्या सा चं काय?" माणूस गांगरायचा. "सा चं म्हणजे?" "सा नं सुरू होणारं, तुमच्याबद्दलचं, एक खरं." बहुतेकांना स्वतःबद्दल एकही खरं सांगता यायचं नाही. मग मास्तर बायकोला विचारायचे, शेजाऱ्याला विचारायचे, टेम्पोत शेजारी बसणाऱ्याला विचारायचे. आणि एकाचं दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचे. एमआयडीसीत पोलीस चौकी होती, पण माणसाची चौकशी करावी तर मास्तरांनीच.

हे त्यांना एका म्हाताऱ्या पुस्तकबांधणीवाल्यानं शिकवलं होतं. जुन्या जालन्यात त्याचं दुकान होतं, मास्तर पोरवयात तिथं खळ लावायला बसायचे. तो उर्दूत असंच करायचा, नावाच्या अक्षरांवर शेर. मास्तर सांगायचे, "त्यांचं उजवीकडून सुरू होतं, आपलं डावीकडून. पण उभं खाली उतरायला लागलं की दोघांचं सारखंच." त्या म्हाताऱ्याचंच एक वाक्य ते वरचेवर म्हणायचे: माणूस आडवा बोलतो आणि उभा जगतो. मी त्यावर हसायचो. तेव्हा मी हसायचो.

विक्षिप्तपणाला तोटा नव्हता. पेपर आला की बातमी वाचायचे नाहीत, परिच्छेदांची पहिली अक्षरं खालपर्यंत बोटानं उतरत जायचे. ण ला घाबरायचे. "ण नं सुरू होणारा शब्द अजून जन्माला यायचाय, नावात ण असलेला माणूस आला की माझी नोकरी गेली," असं म्हणायचे. जेवताना डब्यातल्या पदार्थांची आद्याक्षरं जुळवायचे आणि काही वाईट शब्द झाला तर भाजीची वाटी उचलून दुसऱ्या जागी ठेवायचे.

आणि एक रीत होती. खरं मिळालं नाही तर ओळ मोकळी ठेवायची. अक्षर लिहायचं, पुढं काही नाही. कॅन्टीनवाल्या दगडूच्या वेळी तसं झालं. त्यानं द साठी स्वतःच 'दानशूर' सुचवलं. मास्तरांनी द लिहिला आणि पुढं कोरा फळा. दोन दिवस येणारा-जाणारा विचारायचा, "मास्तर, द चं काय झालं?" मास्तर म्हणायचे, "शोधून राह्यलो. तुम्हाला माहीत असलं तर सांगा." तिसऱ्या दिवशी भांडी घासणाऱ्या बाईनं येऊन सांगितलं. सकाळी फळ्यावर ओळ होती: 'दर सोमवारी उरलेल्या पोळ्या मागच्या दारानं कुत्र्यांना घालणारा, कुणी बघू नये म्हणून.' दगडूनं ते वाचलं आणि दिवसभर गल्ल्यावर मान खाली घालून बसला.

तेव्हापासून गेटवर सगळ्यांना कळलं होतं. मोकळी ओळ म्हणजे कुणाला तरी काही तरी माहीत आहे, त्यानं येऊन सांगावं.

माझ्या नावात एक म आहे. शिफ्ट सुपरवायझर म्हणून कामाला लागून दोनच वर्षं झाली होती तेव्हा माझा वाढदिवस फळ्यावर आला. म ची ओळ होती: 'मशीन बंद पडलं की आधी माणसं मोजतो, मंग माल.' ते तेव्हा खरं होतं. मास्तरांनी चार जणांना विचारून लिहिलं होतं. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला होता.

*

काशिनाथ माझ्या शिफ्टला चिमट्यावर होता. भट्टीतून लालभडक लोखंड निघतं, रोलमधून जातं, दर खेपेला बारीक आणि लांब होत जातं. त्याचं टोक चिमट्यानं पकडून पुढच्या रोलमध्ये घालायचं, हे चिमटेवाल्याचं काम. त्या टोकाला वाट दाखवायला एक लोखंडी गाईड बसवलेलं असतं. गाईड ढिलं झालं की सळई वाट सोडून उसळते. मग ती कुणाकडं जाईल ते कुणी सांगू शकत नाही.

त्या दिवशी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा काशिनाथ माझ्याकडं आला.

"साहेब, गाईड हालून राह्यलंय. थांबवा जरा. धा मिनिटात आवळून घेतो."

"दीड झालाय. दोनला शिफ्ट सुटते, तेवढं ओढ."

"ओढतो मंग," म्हणाला आणि गेला. चिडला नाही.

वीस मिनिटांनी रोलचा आवाज बदलला. तो त्याला कळला आणि मलाही कळला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ओरडला, "थांबवा!" लाल बटण माझ्यापासून सहा पावलांवर होतं. मी गेलो नाही. का गेलो नाही हे मी स्वतःला पुष्कळ तऱ्हांनी समजावून पाहिलंय. आवाजात नीट ऐकू आलं नाही, वेळच नव्हता, दाबूनही उपयोग झाला नसता. खरं एवढंच, की ती सहा पावलं रोलच्या दिशेनं होती आणि मला भीती वाटली. मी मागं सरलो. सळई उसळली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात काशिनाथ वारला.

मॅनेजर मला म्हणाले, "रिपोर्ट नीट लिहा. कुणालाच त्रास नको." एवढंच म्हणाले. पुढचं सगळं मी लिहिलं. कामगार चुकीच्या जागी उभा होता, हे लिहिलं. आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता, हेही लिहिलं. हे वाक्य माझं मला सुचलं. काशिनाथनं कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. समोरच्या बाजूला काम करणारी बिहारची दोन पोरं होती, त्यांनी सगळं बघितलं होतं. ठेकेदारानं आठवड्याच्या आत त्यांना गावी पाठवून दिलं. रिपोर्टची नक्कल काशिनाथच्या घरी गेली.

गफूरभाई दहाव्याला जाऊन आला. आल्यावर माझ्यासमोर टोपी काढून उभा राहिला. "उसका बुढ्ढा बाप घाट से उठ के चला गया, साहब. बोला, दारू पी के मरा वो मेरा नहीं. पिंड को हात नहीं लगाया." मी म्हटलं, "त्यांना कुणी सांगितलं?" गफूरभाई म्हणाला, "कागज पे ठप्पा था ना. बुढ्ढे ने ठप्पे को सच माना."

मी पाणी प्यायलो.

*

त्यानंतर चौथ्या दिवशी मास्तर शिफ्टच्या केबिनमध्ये आले. हातात डायरी होती.

"काशिनाथचं लिहून राह्यलो," ते म्हणाले. "का मिळाला, शि मिळाला, ना मिळाला. थ राहिलाय. थ अवघड असतो साहेब, मराठीत थ ला शब्दच कमी. तुम्ही शेवटी त्याच्याजवळ होते. काही सांगा थ चं."

मला थ चा एकच शब्द ठाऊक होता. तो माझ्या कानात होताच.

"थकला होता, असं लिहा," मी म्हटलं.

मास्तरांनी लिहिलं नाही. पेन्सिल तशीच धरून म्हणाले, "थकला होता? गफूरभाई म्हणतो, दुपारी डबा खाताना हसून राह्यला होता."

"मग थोर लिहा. थोर मनाचा."

"थोर कुणालाबी लिहिता येतं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत संशय नव्हता, हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मला त्यात सगळं दिसलं. "तो शेवटी काही बोलला का, साहेब?"

"नाही."

"काहीच न्हाई?"

"मशीनच्या आवाजात काय ऐकू येतं, मास्तर?"

"ते बी खरं," ते म्हणाले आणि डायरी मिटून गेले. मी दाराला आतून कडी लावली. दिवसाढवळ्या, चालू कारखान्यात.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं:

कामावर येताना बापाच्या पाया पडून येणारा
शिळी भाकर आपण घेऊन ताजी दुसऱ्याला देणारा
नातं नसताना बिहारच्या पोरांना भाऊ म्हणणारा
थ

थ नंतर कोरा फळा.

मोटारसायकली गेटमध्येच थांबायला लागल्या. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवायचा, त्यातली माणसंही उतरून फळ्यापाशी यायची. "थ चं काय राहिलं, मास्तर?" "शोधून राह्यलो." रीत सगळ्यांना माहीत होती. कुणाला तरी काही माहीत आहे. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटायचं सगळी माझ्याकडंच बघतात. कुणी खडूनं 'थंड डोक्याचा' लिहून गेलं. मास्तरांनी चौकशी केली आणि ओल्या फडक्यानं तेवढंच पुसलं. थ तसाच राहिला. दुसऱ्या कुणाचं नाव फळ्यावर आलं नाही. दोन वाढदिवस कोरडे गेले.

मी वजनकाट्याच्या गेटनं, ट्रकच्या आडून आत जायला लागलो. भूक मेली. एका संध्याकाळी चहा घेत होतो तर बायकोनं मोबाइल पुढं केला. "अहो, हा तुमच्याच गेटवरचा फळा ना? माझ्या ग्रुपवर आलाय. किती छान लिहिलंय. पण हा थ असा का सोडलाय?" काशिनाथच्या फळ्याचा फोटो लोकांनी ग्रुपाग्रुपांवर फिरवला होता. मी कपबशी खाली ठेवली. म्हटलं, "खडू संपला असेल." ती म्हणाली, "काहीतरीच तुमचं."

माझा वाढदिवस पंधरा दिवसांवर आला होता. मला रोज वाटायचं, काशिनाथच्या शेजारी माझं नाव उतरणार आणि त्यात म च्या पुढं काय असेल ते मला आधीच दिसायचं. म नं 'मारलं' सुरू होतं. म नं 'मागं सरला' सुरू होतं. मी अक्षरं लावत बसायचो. मास्तरांची विद्या मला तेव्हा आली, आणि ती अशी आली.

कारखाना निरीक्षक यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी मी मॅनेजरकडं गेलो. म्हटलं, "साहेब, फळ्यावर जे चाललंय त्यानं माणसं बिथरून राह्यलीत. हजेरीवाला मुद्दाम करतोय. अपघाताचं उकरून काढतोय." हे मी म्हटलं. मास्तर मुद्दाम काही करणारा माणूस नाही हे मला ठाऊक होतं.

"पुसून टाका मग."

"पुसलं तर उद्या परत लिहील."

मॅनेजर फोनमधून मान वर न करता म्हणाले, "मग बघा तुम्ही."

मी पेंटर बोलावला. फळा पिवळ्या ऑइलपेंटनं रंगवून घेतला आणि त्यावर काळ्या अक्षरांत 'आपली सुरक्षा आपल्या हाती' लिहून घेतलं. शब्द मी दिले. मास्तर गेटच्या खिडकीतून बघत होते. पेंटरनं थ वरून ब्रश फिरवायला घेतला तेव्हा ते बाहेर आले, त्याला म्हणाले, "जरा थांब बाबा," आणि डायरीत काहीतरी लिहून घेतलं. मग त्याला म्हणाले, "आता फिरव."

आठवड्यात मास्तरांची बदली भंगारच्या यार्डात झाली. एप्रिल महिना. उघड्यावर गाड्या मोजायच्या, सावलीला फक्त पत्र्याचा एक तुकडा. तिथं लिहायला भिंतही नव्हती. महिनाभरात त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी सायकल स्टँडवर आमची गाठ पडली. मी टाळायला बघत होतो, तेच थांबले. मला वाटलं आता बोलतील. चार माणसं आजूबाजूला होती.

"साहेब," ते म्हणाले, "थ चं काही मिळालं तर कळवा. मी आता अंकुशनगरला, पुतण्याकडं राहतो. घरीच असतो. मला घाई न्हाई."

शिव्या दिल्या असत्या तर मी त्या रात्री झोपलो असतो.

*

त्याला अकरा वर्षं झाली. मी तो कारखाना सोडला, दुसरीकडं लागलो, केस पांढरे झाले. 'मला घाई न्हाई' हे वाक्य मात्र रोज उठून बसायचं. कुणी दाराची बेल वाजवली तर आधी तेच. मुलीच्या लग्नात पत्रिका छापून आली, तिच्यातल्या ओळी मी उभ्या वाचल्या. माणसं काय म्हणतील याची भीती केव्हाच गेली होती. भीती होती ती मास्तर मरण्याची. ते गेले की मी सुटेन, असं मनात यायचं, आणि ते आलं की मला माझीच किळस यायची.

गेल्या दिवाळीनंतर मी गेलो. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या मळीचा वास रस्त्यापासूनच लागतो. उसाच्या गाड्यांच्या मागं मागं घर शोधलं. मास्तर ओट्यावर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. आवाजावरून ओळखलं. पुतण्याच्या बायकोला म्हणाले, "साहेब आलेत, चहा टाक बेटा."

मी चहाची वाट बघितली नाही. सगळं सांगितलं. गाईड, दीड वाजला होता ते, सहा पावलं, दारूचं वाक्य. तो काय ओरडला ते. सांगताना मी त्यांच्या गुडघ्याकडं बघत होतो. शेवटी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"मला?" मास्तर खरंच चकित झाले. "मला माहीत असतं तर लिहिलं असतं. माहीत न्हव्हतं म्हणून तर मोकळं ठेवलं. दगडूचा द न्हाई का ठेवला?"

अकरा वर्षं मी ज्या माणसाला भ्यालो तो नुसता एक ओळ शोधत होता.

मी म्हटलं, "आता लिहा. डायरी आणा, माझ्यासमोर लिहा. सही करतो."

ते जागचे हलले नाहीत. "माझ्याकडं कशाला आणलं हे? मी काय काशिनाथचा बाप आहे?"

"मास्तर..."

"त्याचा बाप जिता आहे अजून. ऐंशीच्या पुढं गेलाय. जल्दी करा."

"तुम्ही चला बरोबर."

"न्हाई. मी आलो तर तुम्ही माझ्याकडं बघून बोलसाल." चहा आला. त्यांनी कप चाचपून माझ्या हातात दिला. "प्या, अन् निघा. चार वाजलेत, उजेड आहे तोवर पोचसाल."

रागानं म्हणाले असं नाही. दुसऱ्या कुणाला रस्ता सांगावा तसं म्हणाले.

*

जांब समर्थच्या अलीकडं एका फाट्यावरून आत काशिनाथचं गाव. गाडी चालवताना दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा परतच फिरणार होतो. मागून ट्रॅक्टर आला, रस्ता अरुंद, वळवायला जागा नव्हती, म्हणून पुढं गेलो. हेही लिहून ठेवतो, नाही तर कुणाला वाटेल मी हिमतीनं गेलो.

अंगणात काशिनाथची बायको कापसातला कचरा निवडत बसली होती. कडेला बाजेवर म्हातारा, अंगावर गोधडी, तोंड भिंतीकडं. मी कोण ते सांगितलं. तिनं बसायला पोतं टाकलं. मी बसलो नाही. हळू आवाजात, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, तिला सांगितलं. तिचे हात कापसात चालू होते. दारूच्या वाक्यापाशी ते थांबले. रडली नाही. बोटाला चिकटलेला कापूस तिनं सावकाश सोडवला.

मग म्हणाली, "मला काहून सांगून राह्यले? मी तर कवाच धरलं न्हव्हतं खरं. मामांना सांगा."

मी म्हाताऱ्याकडं बघितलं.

"त्यांना कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

मी बाजेजवळ गेलो. म्हातारा वळला. डोळे ओले, पण ते वयाचे. मी म्हटलं, "काशिनाथ दारू प्यायला नव्हता."

"आं?"

"काशिनाथ प्यायला नव्हता!"

"कोण?"

शेजारच्या भिंतीवरून एक बाई डोकावली. रस्त्यानं जाणारे दोघे उंबऱ्याशी थांबले. मी ओरडलो, "तुमचा काशिनाथ प्यायला नव्हता! मी खोटं लिहिलं! त्यानं मशीन थांबवायला सांगितलं होतं, मी थांबवलं नाही! मी घाबरलो! चूक माझी होती!"

समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. कुणीतरी ट्रॅक्टर बंद केला, तेव्हा एकदम सगळं शांत झालं. बाया, बाप्ये, बारा-पंधरा जण असतील. कुणी पुढं येईना. म्हातारा बाजेवर हाताचा भार देऊन उठून बसला. सून मदतीला धावली, तिला त्यानं हातानं थांबवलं.

मी वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "बाबा, ऐकू आलं का?"

"मला पयल्यांदाच ऐकू आल्तं," म्हातारा म्हणाला. अंगणाच्या कडेला उभ्या माणसांकडं त्यानं मान वळवली. "ह्यांना आलं न्हव्हतं."

मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तकडं, वरच्या आळीची माणसं येऊन राह्यलीत. येऊ द्या त्यांना. मंग पुन्हा म्हणा."

आम्ही दोघं थांबलो. ती माणसं येईपर्यंत तो माझ्या मनगटाला धरून बसला होता. ती आली. मी पुन्हा म्हटलं.